दुसऱ्या हंगामाचं बी कुठून येणार?

खाडीकाठच्या गावात बचत गटाची बैठक बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अनुदान किती? त्याचं उत्तर सोपं आहे. कांदळवन (खारफुटीचं जंगल) संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के मिळतं, उरलेला वाटा लाभार्थ्याने घालायचा. पण पहिलं पीक विकून झाल्यावर दुसऱ्या हंगामाचं बी, म्हणजे पाण्यात सोडायची पिल्लं, कोणाच्या पैशाने आणायचं, हे मात्र बैठकीत कोणी विचारत नाही. चिंबोरी (खाडीतला खेकडा) असो, शिनाणे (खडकाला धरणारे शिंपले) असोत वा जिताडा मासा, गट बंद पडतात ते बहुतेक याच ठिकाणी. म्हणून योजना गावात कशी येते हे थोडक्यात सांगून इथे जास्त जागा पाण्यातल्या कामाला आणि हिशेबाला दिली आहे.

आधी कोण काय करतं ते. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. त्याच्या जोडीला २०१५ मध्ये कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान उभं राहिलं, लोक त्याला कांदळवन प्रतिष्ठान किंवा मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन म्हणतात. कक्षाकडे जंगल राखायचं काम. प्रतिष्ठानाकडे निधी, प्रशिक्षण, अभ्यास आणि गावात जाऊन काम करणारी माणसं. उपजीविकेची योजना २०१७ ची. तिच्यामागचा विचार सरळ आहे. कांदळवनाच्या तोडीवर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कायमची बंदी घातली. भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात आला. सरपणाला तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, तोडणाऱ्या गावाला आता नुसतं 'तोडू नका' म्हणून भागत नाही, उभ्या झाडांतून चार पैसे मिळायला हवेत.

योजना गावात येते ती कांदळवन सहव्यवस्थापन समितीमार्फत. समिती गावाचा सूक्ष्म आराखडा करते, गट ठरतात, जागा पाहिली जाते, मग साहित्य आणि प्रशिक्षण. इथे एक आग्रह धरा. आराखड्यात लाभार्थ्यांची नावं असतातच, पण खाडीच्या पाण्याचा तक्ता नसेल तर तो कागद अपुरा आहे.

खाडी कसली आहे ते आधी मोजा

शेजारच्या गावाला चिंबोरीचा प्रकल्प मिळाला म्हणून आपल्यालाही तोच हवा, अशी मागणी सर्रास होते. पण एकाच खाडीत मुखाशी आणि आत सात-आठ किलोमीटरवर पाणी वेगळं असतं. पावसाळ्यात आतल्या भागात ते जवळजवळ गोडं होतं, ऑक्टोबरपासून खारटपणा चढत जातो आणि मे महिन्यात मुखाजवळ समुद्राइतका, म्हणजे ३५ पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) आसपास येतो.

चिंबोरीला १० ते ३० पीपीटी चालतं. शिनाण्यांना २७ ते ३५ लागतं, त्याखाली बराच काळ राहिलं तर मरतात. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो आणि खाऱ्यातही, त्यामुळे आतल्या खाडीला तो बरा. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, यांचं गणित खडकावर आणि वाहत्या पाण्यावर ठरतं.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा दाखवणारी हातातली दुर्बिणीसारखी नळी, पुरतो. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रंगाची सीमा कुठल्या आकड्यावर आहे ते वाचायचं. त्याआधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून घ्या, नाहीतर सगळे आकडे एकाच बाजूला सरकलेले येतात आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून चार वेळा मोजा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि दोन्ही अष्टम्यांच्या भांगाला (भरती-ओहोटीत फरक कमी असतो तेव्हा), प्रत्येक वेळी पूर्ण भरतीला एकदा आणि पूर्ण ओहोटीला एकदा. वेळ काढायला जुना हिशेब अजून कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण मोजणीच्या कामाला तेवढं चालतं. होडी किंवा माणसं न्यायची असतील तर मात्र छापील भरतीचं वेळापत्रकच बघा.

चिंबोरी: दहा गुंठ्यांचा कुंपणतळा

आपल्या खाड्यांत प्रामुख्याने दोन जाती सापडतात. एक मोठी, हिरवट, पायांवर जाळीदार नक्षी असलेली. दुसरी लहान, तांबूस, बीळ करून राहणारी. पालनाला पहिली घ्या. तांबूस जात चिखलातून बीळ काढत जाळ्याखालून पसार होते, शिवाय वजनही कमी भरते. खाडीतून पकडलेली पिल्लं सोडली तर दोन्ही मिसळून येतात. हॅचरीचं, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राचं, बी मात्र हिरव्या जातीचंच मिळतं. हे बी येतं बहुतेक तमिळनाडूहून. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यशेती केंद्राची हॅचरी तिकडे आहे.

कुंपण घालताना कांदळवनाचं एकही झाड तोडायचं नाही, हे अनुदानाची अट म्हणून नव्हे तर कायदा म्हणून लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही, पण तितकीच महत्त्वाची. पाणी आत साठवून ठेवायच्या नादात बांध घालू नका. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरून मरतं. पानं पिवळी पडायला लागली की समजायचं. भरती-ओहोटीचं पाणी रोज आत-बाहेर व्हायलाच हवं. ओहोटीला चिंबोऱ्यांना पाणी मिळावं म्हणून कुंपणाच्या आत, झाडांपासून दूर, ८०-१०० सेंटीमीटर खोलीचे चर पुरतात.

कुंपणाला एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिक) जाळी घ्या. साधी नायलॉन जाळी नांगीने कापली जाते. बांबू सव्वा-दीड मीटरवर, जाळी चिखलात किमान दोन फूट पुरलेली, आणि वरची कड वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या पातळीच्या दीड-दोन फूट वर. ही पातळी अंदाजाने ठरवू नका, झाडांच्या खोडांवर पाण्याची रेघ दिसते ती बघा आणि तिच्या वर आणखी हातभर उंची ठेवा. जाळीच्या माथ्याशी आतल्या बाजूने एक फूट रुंद गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी शिवायची. चिंबोरी जाळीवर सरसर चढते, पण प्लास्टिकवर पाय टेकत नाही आणि खाली पडते. ही पट्टी पैसे वाचवायला वगळली जाते आणि मग महिन्याभरात 'बी खराब होतं' अशी तक्रार सुरू होते. बांबूच्या चिखलातल्या भागाला डांबर फासा, तरीही दीड-दोन वर्षांत तो पोखरला जाणार हे धरून चाला.

दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. चौरस मीटरला एक या हिशेबाने हजार पिल्लं, अडीच-तीन सेंटीमीटरची. त्याहून बारीक बी आलं तर थेट सोडू नका. आधी हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पेटीत, महिना-दीड महिना वाढवा. पिशव्या आल्या की थेट पाण्यात उलट्या करू नयेत. तळ्याचं पाणी थोडं थोडं त्यांच्यात घालत तास-पाऊण तास जाऊ द्या. हॅचरीचं पाणी आणि तुमचं पाणी यांच्या खारटपणात मोठा फरक असेल तर हॅचरीला आधीच तुमचा आकडा कळवा, ते तिकडेच जुळवून पाठवू शकतात. सोडायची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची.

मग येतो खरा शत्रू, म्हणजे दुसरी चिंबोरी. कात टाकली की तिचं अंग मऊ असतं, कवच कडक व्हायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात बाकीच्या तिला खातात. लपायला जागा हवी. फुटकी मंगलोरी कौलं, फूटभर लांबीचे पाइपचे तुकडे, जुने माठ आडवे टाका. हजार पिल्लांना किमान तीन-चारशे आडोसे हवेत. कौलं गावात फुकट मिळतात, ती टाकायला फक्त एक दुपार जाते, तरीही हे काम मागे राहतं. आकाराने फार लहान-मोठी झालेली दीड-दोन महिन्यांनी वेगळी करता आली तर उत्तम.

खाणं टाकाऊ मासळीचं. लहान असताना वजनाच्या १० टक्के रोज, पुढे ५ टक्क्यांवर आणा. निम्म्याहून जास्त संध्याकाळी द्या, कारण ती रात्री चरते. चार-पाच ठिकाणी टोपल्या किंवा ताटं ठेवून त्यात द्या, म्हणजे सकाळी उरलं किती ते दिसतं. उरलेलं तसंच कुजू दिलं तर चराचं पाणी काळं पडतं आणि चिंबोऱ्या कडेला येऊन बसतात. तेव्हा खाणं एक दिवस बंद आणि भरतीचं पाणी जास्तीत जास्त खेळू द्यायचं.

आता आकडे. हजारातल्या चाळीस टक्के हाती लागतील असंच धरा. चारशे चिंबोऱ्या दोनशे ग्रॅमच्या झाल्या की एकूण वजन ८० किलो, त्याचे ५ टक्के म्हणजे रोज ४ किलो मासळी, महिन्याला १२०. पुढे वजन १५० किलोवर गेलं की रोज साडेसात किलो. सात-आठ महिन्यांत सरासरी अर्धा किलो भरली तर उत्पादन २०० किलो. प्रशिक्षणात ऐंशी टक्के जगणुकीवर केलेला हिशेब कोणी दाखवला तर अर्ध्यावर आणा आणि मग बघा, प्रकल्प उभा राहतो का.

सोडायचा महिना हे यातलं सर्वांत मोठं कळीचं ठिकाण आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोडलं की एप्रिल-मेमध्ये माल तयार होतो. तेव्हा चाकरमानी गावी असतात, पर्यटक असतात, दर असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोडलं तर १ जूनला मासेमारी बंदी सुरू होते, दोन महिने टाकाऊ मासळी मिळत नाही, भुकेल्या चिंबोऱ्या एकमेकींवर तुटून पडतात, खाडी गोडी होते, आणि वाचलेला माल तयार होतो तो नेमका गणपती-नवरात्राच्या दिवसांत. म्हणजे खर्च जास्तीत जास्त आणि गिऱ्हाईक कमीत कमी. पण निधी मार्चअखेर खर्च करायचा म्हणून बी मार्चमध्ये आलं, असं कोणत्याही सरकारी योजनेत होऊ शकतं. तसं झालं तर समितीने लेखी सांगावं: कुंपण आत्ता बांधतो, बी ऑक्टोबरला घेतो.

विकताना पोकळ आणि भरलेली ओळखायला चिंबोरी उलटी धरून, शेवटच्या चपट्या पायाजवळ पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबा. जरा जरी दबलं तर आत पाणी आहे. घट्ट लागलं आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटली तर भरलेली. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात असं कोळीवाड्यात म्हणतात, गिऱ्हाईकही तसंच मानतं, तेव्हा काढणी त्याच दिवसांत ठेवण्यात तोटा काही नाही. पोकळ निघालेल्या परत सोडा किंवा एकेका डब्यात ठेवून वीस ते तीस दिवस खाऊ घाला. हा डब्यांचा धंदा गटाच्या बायकांना कुंपणापेक्षा सोपा जातो, कारण पीक चार आठवड्यांत हातात येतं आणि एकमेकींना खायचा प्रश्नच नसतो. लाखेच्या, म्हणजे आत अंडी भरलेल्या, मादीला दर जास्त. पण अंडी पोटाखाली बाहेर आलेली मादी असेल तर ती खाडीत सोडून द्या. तिला विकून मिळेल तेवढ्यात पुढच्या वर्षीचं खाडीतलं बी जातं.

नांग्या सुतळीने बांधून, ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवल्या तर चिंबोऱ्या दोन-तीन दिवस सहज जिवंत राहतात. पाण्यात बुडवून ठेवू नका, टपातल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि त्या गुदमरतात.

कुंपणावर पाणमांजर येतं, माणूसही येतो. पाणमांजराला खालून वाट मिळते ती जाळी उथळ पुरलेली असेल तर. माणसाची चोरी काळोख्या रात्री आणि सणावाराला होते. शिमग्याला सगळा गाव होळीपाशी असतो आणि तळ्यावर कोणी नसतं, नेमका माल तेव्हा तीन-चारशे ग्रॅमचा झालेला असतो. राखणीची पाळी सणांच्या दिवसांची आधी लावा, बाकीची आपोआप लागते.

शिनाणे: बांबूचा मांडव आणि दोर

खाडीच्या मुखाजवळ स्वच्छ, खारं पाणी असेल तर शिनाण्यांसारखं स्वस्त पीक नाही. खाणं घालावं लागत नाही, पाण्यातलंच गाळून खातात. आणि म्हणूनच गटार किंवा कारखान्याचं पाणी जवळ येत असेल तर हे पीक घेऊच नका, कारण ते सगळंही गाळून अंगात साठवतात.

पाच मीटर बाय पाच मीटरचा बांबूचा मांडव, ओहोटीलाही दीड-दोन मीटर पाणी राहील अशा जागी. त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर मिळून शंभर दोर. दोर १२ ते १४ मिलिमीटर जाडीचा, बी बांधायचा भाग एक मीटर. पावसाळा ओसरला की खडकांवर बारीक शिनाणे धरतात. दीड ते अडीच सेंटीमीटरचे झाले की ते बी. खडकावरून ओरबाडू नका, पात्याने खालचे धागे कापून काढा. धागा मुळातून उपटला तर आतलं अंग फाटतं आणि ते चार दिवसांत मरतात.

दोराच्या मीटरभर लांबीला एक ते दीड किलो बी. सुती मच्छरदाणीच्या कापडाची पट्टी पसरायची, मधे दोर, भोवती बी सारखं पसरून पट्टी गुंडाळून शिवायची. कापड दोन-तीन दिवसांत कुजायला लागतं, तोवर शिनाणे धागे सोडून दोराला धरतात. नायलॉनची पट्टी वापरली तर ती कुजत नाही आणि शिनाणे आतच कोंडतात. दीड किलोच्या वर बी घातलं तर बाहेरच्या थरातल्यांना दोर सापडत नाही, ते एकमेकांना धरतात आणि वजन वाढलं की घडच्या घड खाली गळतो. दोराला दर पाव मीटरवर गाठ मारली किंवा बांबूची काडी आडवी घातली तर घसरण थांबते. दोराचं खालचं टोक तळापासून वर असू द्या, तळाला टेकलं की खेकडे चढतात.

नोव्हेंबरमध्ये बांधलेले दोर एप्रिल-मेमध्ये काढायचे. मीटरमागे दहा किलो धरा, म्हणजे शंभर दोरांचा मांडव एक टनाच्या आसपास. पहिल्या पावसाआधी शेवटचा दोर बाहेर आला पाहिजे, यात दया-माया नाही. दर वाढेल म्हणून थांबलेला माल एका रात्रीच्या पुरात गोड्या पाण्याने मरतो आणि मग त्याचा वास शेजारच्या वाडीपर्यंत जातो. विकण्याआधी चोवीस तास स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा, पोटातली वाळू निघते.

शिनाण्यांची मोठी सोय म्हणजे दुसऱ्या हंगामाचं बी गावच्याच खडकावर आहे, विकत आणावं लागत नाही. पण दहा गटांनी एकच खडक साफ केला तर तिसऱ्या वर्षी तिथे काही धरत नाही. खडकाचे पट्टे वाटून घ्या, प्रत्येक हंगामात एक पट्टा न शिवलेला ठेवा.

जिताड्याबद्दल थोडक्यात. लोखंडी पाइपच्या चौकटीतले दोन बाय दोन मीटरचे पिंजरे, बी किमान पंधरा सेंटीमीटरचं घ्या, महाग पडलं तरी. लहान बी घेतलं तर किलोचा मासा व्हायला पावसाळा ओलांडावा लागतो आणि पुरातून वाहत येणारे ओंडके पिंजरा फाडतात. जिताडा आपल्या निम्म्याहून मोठ्या भावंडाला गिळतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी आकाराप्रमाणे वेगळे करायचे. जाळीवर खुबे (चिकटून बसणारे कवचाचे जीव) आणि शेवाळ धरलं की पाणी खेळत नाही, तेव्हा दोन जाळ्या ठेवा, एक पाण्यात आणि एक उन्हात वाळत.

पिकाशिवायचं

सगळ्या गावांना पालन जमणार नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतो, त्यात बी नाही आणि खाणंही नाही. मात्र तिथे भरतीचं वेळापत्रक हेच दुकानाचं वेळापत्रक. भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच आतल्या चिंचोळ्या वाटांत होडी फिरते, तेव्हा बुकिंग घेताना 'सकाळी नऊला या' असं रोज सांगता येत नाही. होडीची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळाची, जॅकेट माणशी एक, लहान मुलांच्या मापाची वेगळी. इंजिन लावायचा मोह टाळा. पक्षी उडून गेले की दाखवायला उरतो तो चिखल.

मच्छीमारांना कमी माहीत असलेली एक मदत म्हणजे जाळ्याची भरपाई. ऑलिव्ह रिडले कासव, डॉल्फिन, देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला तर कमाल २५ हजार रुपये मिळतात. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना चालवतात. पुरावा लागतो: प्राणी जाळ्यात असलेला आणि सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ, नौकेची नोंदणी, परवाना. होडीवर एकाने मोबाइल धरायचा आणि दुसऱ्याने सुरी, हे आधीच ठरलेलं असलं तर कापताना गडबड होत नाही. कासवाला पुढच्या पायाला धरून ओढू नका. निपचित पडलं असेल तर मेलं समजून फेकू नका. पोटावर ठेवून मागची बाजू अर्धा फूट उंच करा, ओलं फडकं घाला, सावलीत ठेवा. फुप्फुसातलं पाणी निघून काही तासांनी ते हालचाल करू लागतं.

रोपं लावण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे मजुरी मिळते आणि म्हणून सगळ्यांना ते आवडतं. भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीच्या खाली, उघड्या चिखलावर लावलेली रोपं फार वेळ पाण्याखाली राहतात, त्यांच्यावर खुबे चढतात आणि ती आडवी होतात. शिवाय तो चिखल रिकामा नसतो. तिथे बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, पक्षी चरतात. ज्या ठिकाणी पूर्वी कांदळवन होतं आणि आता नाही, तिथे आधी विचारा की पाणी कुठे अडलं. बऱ्याचदा रस्त्याच्या भरावाखालची मोरी बुजलेली असते. ती मोकळी केली की तिवराचं बी भरतीबरोबर आपोआप येतं. लावायचंच असेल तर दीड मीटर अंतराने हेक्टरी साडेचार हजारांच्या आसपास रोपं बसतात, आणि पहिलं वर्षभर अडकलेलं प्लास्टिक काढत राहावं लागतं. त्या कामाची मजुरी आराखड्यात धरलेली आहे का, ते सही करण्याआधी पाहा.

वहीतली तीन पानं

गटाच्या वहीत तीन खाती वेगळी हवीत. पहिलं रोजच्या खर्चाचं. दुसरं झिजणाऱ्या वस्तूंचं: बांबू, जाळी, दोर, डबे. कुंपणाचा बांबू दोन वर्षं टिकतो, तर त्याच्या किमतीचा निम्मा भाग दर हंगामाला इथे यायला हवा, कारण दुसऱ्यांदा बांबू घ्यायला अनुदान येणार नाही. तिसरं बियाण्याचं.

विक्रीचे पैसे आले की गटात लगेच वाटप होतं, आणि दहा जणींत वाटल्यावर हातात येणारी रक्कम छोटीच असते, तेव्हा कोणाला दोष देण्यासारखं नाही. पण क्रम उलटा करावा लागतो. दोनशे किलो चिंबोरी विकली जाणार असेल तर पहिल्या साठ-सत्तर किलोंचे पैसे वाटायचेच नाहीत. त्यातून पुढच्या हजार पिल्लांचं बी, त्यांची वाहतूक, वाटेतली मर धरून जास्तीची शंभर, आणि पहिल्या दोन महिन्यांची मासळी सुटते का ते पाहायचं. सुटत नसेल तर आकडा वाढवा. उरलेल्यावर वाटप. पहिल्या वर्षी वाटणी कमी पडते आणि कुरकुर होते, म्हणून हे बी सोडायच्या आधी ठराव करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायचं. खातं दोघींच्या सहीचं, त्यातली एक तरी अशी की जिच्या घरी विकणारा किंवा विकत घेणारा नाही.

हे पैसे मे महिन्यातल्या विक्रीच्या दिवशीच बँकेत गेले पाहिजेत. जूनमध्ये शाळेची फी आणि भाताची पेरणी येते, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. हॅचरीला मागणी मात्र आधीच नोंदवावी लागते, तर बी सप्टेंबरअखेर हातात येतं. पावसाळ्यात, बंदीच्या काळात, सगळे घरी असताना हे काम उरकून घ्या: मागणीत पिल्लांची संख्या, आकार, हवी ती तारीख आणि गेल्या वर्षीच्या तक्त्यातला सप्टेंबरअखेरचा पीपीटीचा आकडा लिहा.